मराठीत रुजलेले यहुदी सण

कोकणातील बेने इस्राएल समाजाने यहुदी पंचांग मराठीत रुजविले. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. त्यामागोमाग खिरीचा सण. योम किप्पूरला दारे लावून उपवास, म्हणून तो दारफळणीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळणारा उपवास बिरड्याने सुटे. तो बिरड्याचा रोजा. शब्बाथला घाणा बंद ठेवणारे हे लोक शेजाऱ्यांच्या लेखी शनिवारतेलीच होते. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. उरलेल्यांना महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, हे योग्यच. परंतु दर्जा कागदावर टिकतो. शब्द मात्र बोलणाऱ्यांच्या मुखीच जगतात. परभणीच्या शाळेतही सणवारांच्या धड्यात ही नावे यावीत. ती मराठीचीच ठेव आहे.