जुन्या गणकयंत्राची मुकी बटणे

समीकरण लिहून दिले असता त्याचा आलेख लहानशा पडद्यावर काढून दाखविणारे एक गणकयंत्र असते. त्याला ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणतात. आपल्या घरांत ते नवे विकत घेतलेले थोडेच आढळेल. बहुधा ते येते अमेरिकेत शिकून परतलेल्या मामेभावाच्या पेटीतून, नाही तर कोणा अनोळखी माणसाकडून निम्म्या किमतीत. जेईई मेनसारख्या परीक्षेत कोणतेच गणकयंत्र नेता येत नाही, हे खरे. परंतु ज्यांना इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची गणिताची परीक्षा द्यावयाची आहे, किंवा परदेशी शिकावयास जावयाचे आहे, त्यांचे ह्या यंत्राशी काम पडतेच. आणि अकरावीतील परवलय सहगुणक बदलताच कसे अरुंद होते, हे डोळ्यांनी पाहण्याची ज्याला हौस आहे, त्यालाही ते प्रिय होते.

ह्या जातीचे पहिले यंत्र जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८५ साली विक्रीस काढले. त्याचे नाव एफएक्स-७०००जी. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या कंपनीचे टीआय-८१ हे यंत्र १९९० साली आले, टीआय-८३ प्लस १९९९ साली आणि टीआय-८४ प्लस २००४ साली. शेवटची दोन अजूनही हातोहात फिरत असतात, म्हणून पुढील विवेचन त्यांच्याच आधारे केले आहे. आतील रचनेचे तत्त्व मात्र इतर यंत्रांतही बहुतांशी असेच असते.

जुन्या यंत्राचे पहिले दुखणे म्हणजे बटणे. पैकी जे बटण दाबले असता काहीच उमटत नाही, त्याची मला फारशी भीती वाटत नाही; त्याचा दोष लपून राहत नाही. भय आहे ते एकदा दाबले असता दोनदा उमटणाऱ्या बटणाचे. २ दाबावा आणि पडद्यावर २२ यावेत, विद्यार्थ्याचे लक्ष वहीत असावे, आणि उत्तर बिनबोभाट चुकावे! यंत्राने गणित बरोबरच केले, परंतु ते दुसऱ्याच आकड्यांचे केले. म्हणून पालकांनी पैसे मोजण्यापूर्वी प्रत्येक अंक बरोबर दहा वेळा दाबवून घ्यावा आणि पडद्यावरील अंक मोजावेत. नऊ किंवा अकरा आले, तर ते बटण सदोष समजावे. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात पावशेर वांगी घेताना आपण प्रत्येक वांगे दाबून पाहतो. हजारो रुपयांच्या यंत्राला तेवढा मान द्यावयास हरकत नसावी.

कित्येकदा दोष नसतानाच यंत्राला दोष लागतो. अल्फा हे बटण सेकंडनंतर दाबले गेले असेल, तर अक्षरांचे कुलूप लागते आणि अंकांऐवजी अक्षरे उमटू लागतात. लुकलुकणाऱ्या खुणेत अक्षर दिसत असेल तर अल्फा पुन्हा दाबावे. पडदा कोरा दिसत असेल, तर सेकंड दाबून सोडावे आणि वर जाणारा बाण दाबून धरावा. अक्षरे नुसती फिकी झालेली असू शकतात. ह्यानेही काही दिसले नाही, तर चारही सेल एकदम नवे घालून पाहावेत.

आता बटणाखाली काय आहे ते पाहू. टीआय-८४ प्लसवर ५० बटणे आहेत. त्यांच्या खाली रबराची एकच चादर असते, आणि प्रत्येक बटणाच्या जागी तिला लहानसा घुमट असतो. घुमटाच्या आतल्या बाजूस कार्बनची काळी टिकली असते. बटण दाबले की घुमट खचतो, टिकली सर्किट बोर्डावरील दोन तुटक रेषांना टेकते आणि त्या क्षणापुरती वीज वाहते. टिकलीवर किंवा रेषांवर धूळ बसली अथवा सांडलेल्या चहाची साखर वाळली, म्हणजे बटण मुके होते. टिकली झिजली म्हणजे वीज जोडते, तुटते, पुन्हा जोडते, आणि एका दाबात दोन अंक उमटतात.

प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार दिली असती, तर तारांचे जंगल झाले असते. त्याऐवजी, गावात उभे आणि आडवे रस्ते असावेत तशा ह्या यंत्रात वाटा आहेत: एका दिशेने सात, दुसऱ्या दिशेने आठ. ह्या पंधरा वाटांच्या चौकांवर ४९ बटणे बसविलेली आहेत. पन्नासावे, म्हणजे ऑन, तेवढे वेगळे जोडलेले असते. म्हणून इतर सारी बटणे गप्प असतानाही ऑन चालू राहू शकते.

निदानाची किल्ली ह्या रचनेतच आहे. अगदी उजवीकडची सात बटणे, म्हणजे खालून वर एंटर, अधिक, उणे, गुणिले, भागिले, घात आणि क्लिअर, एकाच वाटेवर आहेत. केवळ अधिकचे बटण बंद असेल, तर मळ त्या एका बटणाखाली आहे. सातही एकदम बंद असतील, तर सात ठिकाणी एकाच दिवशी मळ साचला असे मानणे भोळेपणाचे होईल. तेथे वाटच कोठे तरी तुटली आहे. तसेच १, २, ३ आणि अधिक ही चार एका आडव्या वाटेवर आहेत; ती एकत्र गेली, तर तोच अर्थ घ्यावा. पहिल्या प्रकारात कापूस आणि धीर पुरतो. दुसऱ्यात डाक द्यावा लागतो, आणि ते काम मोबाईल दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराकडेच द्यावे.

परीक्षेसाठी यंत्रातच एक सोय आहे. प्रोग्रॅम लिहिताना गेट-की ही आज्ञा वापरली, तर दाबलेल्या बटणाचा क्रमांक मिळतो: आधी ओळ, मग ओळीतील स्थान. पहिल्या ओळीतील पहिले बटण ११, सातचा अंक ७२, एंटर १०५. क्रमांक सारखा विचारत राहावे आणि तो शून्य नसेल तेव्हा पडद्यावर लिहावा, एवढाच चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम पुरे. ऑन दाबले की तो थांबतो. एंटरच मुके असेल तर हा प्रोग्रॅम चालविता येत नाही, हे उघड आहे. परंतु मग शोधावयाचे तरी काय राहिले?

यंत्र उघडणे हे वडील माणसांसमक्षच व्हावे. आधी जपावयाचे प्रोग्रॅम आर्काइव्हमध्ये हलवावेत, कारण चार सेल आणि आतील गोळीएवढा चपटा सेल असे सगळे काढले की चालू मेमरी पुसली जाते. आर्काइव्हमधील मजकूर मात्र टिकतो. पाठीमागील स्क्रूंचे तोंड सहा टोकांच्या ताऱ्यासारखे असते. त्यास तसाच पेचकस हवा. चाकूच्या टोकाने प्रयत्न करू नये. पडद्याला बोर्डाशी जोडणारी पातळ पट्टी वाकली किंवा ओढली गेली, तर बटण दुरुस्त करता करता पडद्यावरच्या रेषा कायमच्या जातात. म्हणून बोर्ड उचलताना पडदा त्याच्यासह उचलावा.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाच्या काडीने रेषा अलगद पुसाव्यात. ते चटकन पेट घेते, तेव्हा जवळ दिवा अथवा उदबत्ती नको. रेषांवर कार्बनचा पातळ लेप असू शकतो, सबब काचकागद वर्ज्य. रबराची चादर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी. टिकली झिजली असेल, तर मऊ शिसपेन्सिल तिच्यावर घासल्याने काही दिवस काम चालते. पेन्सिलीत नावापुरतेच शिसे असते, खरे द्रव्य ग्राफाइट, म्हणजे कार्बनच. त्याची भुकटी मात्र बोर्डावर सांडू देऊ नये.

सेलांच्या घरात पांढरी बुरशीसारखी खपली दिसली, तर ती अल्कलाइन सेलातून पाझरलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडची खूण. ते दाहक असते. हातमोजे घालून आणि डोळे जपून, काडीवर सिरक्याचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन खपली विरघळवावी, व मग अल्कोहोलने जागा पुसावी. संपत आलेल्या सेलात वायू साचतो, दाब वाढतो आणि शेवटी बूच सुटते. उष्णतेने हे सारे लवकर घडते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि खोलीतल्या कूलरचा दमट वारा धुळीला चिकटपणा आणतो. तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत यंत्र वापरावयाचे नसेल, तर चारही सेल काढून, यंत्र कोरड्या डब्यात, कूलरच्या झोतापासून दूर ठेवावे. जून महिन्यात सेल घातल्यावर अंकांची दहा-दहा वेळची मोजणी पुन्हा एकदा करून घ्यावी.