पाटीमागचा हिशेब : फ्रँचायजी घेऊ पाहणाऱ्या ग्रामीण तरुणांसाठी

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण आणि इंदापूर यांच्या दरम्यान वसलेले पळसदेव हे उजनी धरणामुळे मूळ जागेवरून उठलेले गाव आहे. जलाशयाचे पाणी ओसरले की पळसनाथाचे जुने मंदिर आजही उघडे पडते. धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला, चौपदरी रस्ता झाला आणि रस्त्यालगतच्या गाळ्यांना भाव आला. त्यामुळे शिक्षण संपवून नोकरीची वाट पाहणाऱ्या येथील तरुणाला शेतीच्या जोडीला एखाद्या नामांकित चहाची किंवा वडापावची फ्रँचायजी घ्यावी असे वाटणे स्वाभाविक आहे.

फ्रँचायजी म्हणजे दुसऱ्याचे नाव, पाटी, कृती आणि कामाची पद्धत ठरावीक मुदतीसाठी वापरण्याचा कराराने मिळणारा हक्क होय. या हक्कासाठी सुरुवातीला एकरकमी शुल्क आणि अनामत रक्कम भरावी लागते, तर पुढे दरमहा विक्रीच्या काही टक्के रक्कम रॉयल्टी म्हणून द्यावी लागते. काही कंपन्या रॉयल्टी घेत नाहीत. परंतु कच्चा माल आपल्याकडूनच घेण्याची अट घालून त्याच्या दरातून त्या आपला वाटा काढून घेतात.

ग्रामीण महाराष्ट्राला या पद्धतीची खरी ओळख खाद्यपदार्थांनी नव्हे, तर संगणकशिक्षणाने करून दिली. 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजेच एमकेसीएलने, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम स्वतःच्या इमारती न बांधता स्थानिक उद्योजकांच्या अधिकृत केंद्रांमार्फत चालवला. जागा, संगणक आणि शिक्षक केंद्रचालकाचे, अभ्यासक्रम आणि परीक्षेची व्यवस्था महामंडळाची, आणि विद्यार्थ्याच्या शुल्कात दोघांचाही वाटा, अशी ही रचना होती. ही केंद्रे खेडोपाडी टिकली, याचे मोठे कारण असे की शासकीय नोकरीसाठी संगणकज्ञानाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने विद्यार्थी आपणहून केंद्राकडे येत होता. 2001 मध्येच मुंबईत मालाड स्थानकाजवळ सुरू झालेल्या जम्बोकिंगच्या वडापावलाही लोकलच्या प्रवाशांची गर्दी आयती मिळाली. दोन्ही ठिकाणी ग्राहक आधीपासून होता आणि नाव त्याच्यापर्यंत नंतर पोहोचले, ही गोष्ट फ्रँचायजी विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत क्वचितच सापडते.

रॉयल्टी नफ्यावर नव्हे, तर विक्रीवर आकारली जाते, हा या व्यवहाराचा गाभा आहे. उदाहरणादाखल दहा रुपयांचा चहा दिवसाला पाचशे कप विकणारे, म्हणजे महिन्याला 1,50,000 रुपयांचा गल्ला करणारे दुकान घेतले, तर कच्च्या मालाला 45 टक्क्यांनी 67,500, सहा टक्के रॉयल्टी व तिच्यावरील 18 टक्के जीएसटी मिळून 10,620, गाळ्याचे भाडे 20,000, दोन कामगारांचा पगार 24,000 आणि वीजबिल 6,000 रुपये वजा जाता हातात 21,880 रुपये उरतात. याच दुकानासाठी दहा लाखांचे कर्ज अकरा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले असेल, तर त्याचा मासिक हप्ता सुमारे 21,742 रुपये होतो; म्हणजे महिनाभर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या मालकाच्या वाट्याला दीडशे रुपयेही येत नाहीत, मात्र कंपनीला तिचे नऊ हजार वेळेवर पोहोचतात. हाच गल्ला दोन लाखांवर गेला, तर मालकाकडे सुमारे चोवीस हजार रुपये राहतात. त्यामुळे पाटी कोणाची लावावी यापेक्षा दिवसाला पाचशेच्या वर किती कप खपतील, हा प्रश्न कितीतरी अधिक मोलाचा ठरतो.

पळसदेवमध्ये या प्रश्नाचे उत्तर ऋतूनुसार बदलते. बिजवडीचा कर्मयोगी साखर कारखाना आणि परिसरातील इतर कारखाने यांच्या गळीत हंगामात ऊसतोड मजूर, वाहनचालक आणि उसाचे बिल हाती आलेला शेतकरी यांची वर्दळ असते. हंगाम संपला की ती ओसरते, आणि गाळ्याचे भाडे मात्र बारमाही असते. शिवाय दुभाजक असलेल्या महामार्गावर पुण्याकडे जाणारी आणि सोलापूरकडे जाणारी वाहने हे दोन वेगळे बाजार होत. पलीकडच्या बाजूचा प्रवासी एका चहासाठी वळसा घालून येत नाही.

कायद्याचा आधारही येथे तोकडा आहे. अमेरिकेत फ्रँचायजी विकणाऱ्याला करारापूर्वी किमान 14 दिवस आधी आपली सविस्तर माहिती लेखी द्यावी लागते. भारतात फ्रँचायजीसाठी स्वतंत्र कायदा नसून 1872 चा करार कायदा आणि 1999 चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच भिस्त आहे. कराराच्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याचा धंदा न करण्याची अट योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या खटल्यात मान्य केले. मुदत संपल्यानंतरही अशी बंदी घालणारी अट मात्र करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. जवळच दुसरी शाखा न देण्याची हमी तोंडी मिळाली असेल, तर ती करारात लिहून घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

म्हणून हा निर्णय घेणाऱ्या तरुणाने आणि त्याच्या घरच्यांनी अनामत रक्कम भरण्यापूर्वी त्याच कंपनीची किमान दोन वर्षे चाललेली दुकाने इंदापूर, टेंभुर्णी किंवा दौंडसारख्या ठिकाणी गाठून त्यांच्या चालकांकडून पावसाळ्यातील गल्ला विचारावा, कराराचा मसुदा इंदापूर किंवा बारामतीच्या वकिलाकडून वाचून घ्यावा, आणि गल्ल्याचा अंदाज पक्का होईपर्यंत सातबाऱ्यावर बोजा चढवू नये.