थंडीत कॅमेरा सांभाळताना

कॅडेट मित्रांनो, हिवाळ्यात लेह, द्रास किंवा औलीला जाणाऱ्या तुकडीत चांगला कॅमेरा बहुधा एकाकडेच असतो. तो बंद पडला, तर सगळ्यांचेच फोटो राहून जातात. फोटोग्राफी क्लबचे काम पाहताना मला दरवर्षी विचारले जाते, "सर, एवढ्या थंडीत कॅमेरा चालेल का?" चालतो. फक्त बॅटरी उबेत ठेवायची आणि कॅमेरा थंडच राहू द्यायचा.

आधी बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि पडद्यावर बॅटरी संपल्याची खूण दिसू लागते. प्रत्यक्षात ती संपलेली नसते. ऊब मिळाली की बऱ्याचदा पुन्हा चालते. म्हणून दोन जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा आणि आळीपाळीने वापरा. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. 0 अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यास ती कायमची खराब होऊ शकते.

मग कॅमेराही जॅकेटच्या आत का ठेवायचा नाही? कारण अंगाजवळच्या दमट हवेतील बाष्प थंड काचेवर जमते आणि बाहेर काढताच गोठते. बुखारी पेटवलेल्या खोलीत शिरतानाही तोच धोका असतो. म्हणून बाहेरच बॅटरी आणि मेमरी कार्ड काढून घ्या, कॅमेरा हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि आत आल्यावर साधारण दोन तास पिशवी उघडू नका. दव पिशवीवर जमेल, कॅमेऱ्यावर नाही.

बर्फाचे फोटो काळपट येत असतील, तर कॅमेरा बिघडलेला नसतो. पांढरा बर्फ पाहून तो स्वतःच प्रकाश कमी घेतो. अशा वेळी एक्स्पोजर +1 ते +2 वाढवा.

सर्वांत महत्त्वाची तुमची बोटे. जाड हातमोज्यांच्या आत पातळ हातमोजे घाला. उघड्या हाताने धातूचा ट्रायपॉड धरू नका. बोटे बधिर झाली किंवा पांढरी पडली, तर ती हिमदंशाची सुरुवात असू शकते. कॅमेरा ठेवा आणि लगेच प्रशिक्षकांना सांगा. फोटो पुन्हा काढता येईल.

पालकांना एक विनंती: मुलांना महागडी लेन्स देण्याआधी जादा बॅटरी आणि चांगले हातमोजे द्या.