बँकेचा साहेब शोधून देणारी माणसं

‘पोराला बँकेत चिकटवून देतो, तेवढे पैसे भरा’ असं सांगणारा कुणी ना कुणी बहुतेक गावांना माहीत असतो. अनसिंगला बसून आज आम्ही बोलणार आहोत मुंबई-पुण्याच्या एका धंद्याबद्दल. बँकांना माणसं शोधून देण्याचा तो खरा धंदा आहे. खरा कसा चालतो हे कळलं, की खोटा लगेच ओळखू येतो.

सरकारी बँकांतली कारकुनाची आणि सुरुवातीच्या अधिकाऱ्याची भरती परीक्षेतून होते. स्टेट बँक स्वतःची परीक्षा घेते, बाकीच्यांची आयबीपीएस घेते. तिथं मध्यस्थाचं कामच नाही. पण खासगी बँकेला, विमा किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीला वरचा साहेब हवा असेल, तर तसा माणूस अर्ज घेऊन येत नाही. तो दुसरीकडं चांगल्या पगारावर असतो. त्याला गुपचूप गाठावं लागतं. हे काम मोठ्या परदेशी संस्था करतात, तशी दोन-तीन माणसांची छोटी कचेरीही करते.

सोयरीक जुळवण्यासारखंच हे. आधी बँकेचं घर नीट समजून घ्यायचं: आधीचा साहेब का गेला, काय बिघडलंय. मग नावं काढायची, फोन करायचे, भेटायचं, आणि ज्यांच्यासोबत त्या माणसानं काम केलं त्यांना खोदून विचारायचं. ही चौकशीच खरं काम. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. छोट्या कचेरीची एक अडचण असते. ज्या बँकेचं काम घेतलं, तिथली माणसं दुसरीकडं पळवायची नाहीत, असा रिवाज आहे. म्हणजे गिऱ्हाईक वाढलं की शोधायला जागा कमी!

मेहनतान्याचा जुना रिवाज म्हणजे त्या साहेबाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराचा साधारण तिसरा हिस्सा, तोही हप्त्यांनी. देते बँक. उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाहीत. कारण ज्याच्याकडून पैसे घेतले, त्याची खरी चौकशी कशी करणार?

मुंबईच्या एचडीएफसी बँकेचं बघा. 1994 पासून बँक चालवणारे आदित्य पुरी 2020 मध्ये निवृत्त झाले. शोधाला मोठी संस्था लावली, तीन नावं रिझर्व्ह बँकेकडं गेली. निवड झाली शशिधर जगदीशन यांची. ते 1996 पासून त्याच बँकेत होते. आम्हाला हे आवडलं. बाहेर सगळीकडं पाहिलं, म्हणूनच घरच्या माणसाची किंमत ठरवता आली.

आपल्या ग्रामसंघाला किंवा लोकसंचालित साधन केंद्राला लेखापाल नेमायचा असतो, तेव्हा आपण ‘अमक्या ताईंची सून शिकलेली आहे’ एवढ्यावर भागवतो. गावातलीच असू द्या, हरकत नाही. पण दोन-तीन नावं मागवा, समोर बसवून एका महिन्याचं रोकडवही लिहून घ्या, आणि ती आधी जिथं होती तिथल्या बायांना विचारा: हिशेब वेळेवर देत होती का? चूक दाखवली की काय करायची?

आणि पोराच्या नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, तर विचारा, ‘बँक तुम्हाला देत नाही का?’ मोबाईलवरून पैसे गेलेच असतील, तर लाजून घरात बसू नका. त्याच दिवशी 1930 वर फोन करा.