गाळ कोण काढतो?

मुदखेडचे अक्षांश सुमारे 19 अंश उत्तर. म्हणून ध्रुवतारा तेथे क्षितिजापासून साधारण तेवढ्याच अंशांवर दिसतो. वर्गात हे दाखवायला ‘स्टेलेरियम’ हे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते विनामूल्य आहे. त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते, सुधारता येते. अशा सॉफ्टवेअरला मुक्तस्रोत म्हणतात. त्यांपैकी पुष्कळांची देखभाल स्वयंसेवक करतात. ती नीट होते की नाही, हे कसे ओळखावे?

वापरणाऱ्यांची संख्या याचे उत्तर देत नाही. विहिरीवर किती घागरी भरतात यावरून तिचा गाळ कोण काढतो हे कळत नाही. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, तक्रारींना मिळणारा प्रतिसाद. समजा, पाच तक्रारींना 1, 2, 2, 3 आणि 92 दिवसांत उत्तर मिळाले. सरासरी येते 20 दिवस, मध्यक मात्र 2 दिवस. एका मोठ्या संख्येने सरासरी फुगली, म्हणून येथे मध्यक बरा. पण आणखी सहा तक्रारी अनुत्तरित असतील तर? त्या वगळल्या तर आपली फसगत होते. अकरा तक्रारींतील मधली, म्हणजे सहावी, अजून उत्तराची वाटच पाहत आहे!

दुसरी, कामाची वाटणी. किती माणसे निघून गेली तर निम्म्याहून अधिक काम थांबेल? शंभर बदलांपैकी 90 एकानेच केले असतील, तर उत्तर ‘एक’. पाच जणांनी 30, 25, 20, 15 आणि 10 बदल केले असतील, तर उत्तर ‘दोन’. ही संख्या जितकी मोठी, तितका प्रकल्प सुरक्षित.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: एकाने केलेला बदल दुसरा तपासतो का? फाइलींचा आकार लहान करणारे ‘एक्सझेड’ हे सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स संगणकांवर असते. अनेक वर्षे एकच स्वयंसेवक ते सांभाळत होता. 2021 पासून एक नवा मदतनीस काम करू लागला आणि हळूहळू त्याने विश्वास संपादन केला. कागदावर प्रकल्प सुधारला होता, कारण एकाचे दोन झाले होते. 2024 मध्ये त्याच मदतनिसाच्या नावाने त्यात चोरवाट घातली गेली. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले. त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला, म्हणून मोठा अनर्थ टळला. आज्ञावली उघडी असणे आणि ती कोणीतरी वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मात्र शांतता म्हणजे दुर्लक्ष असे समजू नये. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत 2014 नंतर थेट 2021 मध्येच दुरुस्त्या झाल्या. पूर्णत्वाला पोचलेल्या कामात बदल थोडेच लागतात.

ही मोजणी विद्यार्थ्यांकडूनही करून घेता येईल. 1 मे 2003 रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही स्वयंसेवकच लिहितात. त्यातील प्रत्येक लेखाचा इतिहास उघडा असतो. आपल्या गावावरचा लेख काढावा. किती जणांनी लिहिला, शेवटचा बदल कधी झाला, चूक किती दिवस टिकली, हे मुलांनी तक्त्यात मांडावे. आणि चूक आजही दिसली, तर आधार देऊन ती दुरुस्त करावी. गाळ काढणाऱ्यांत तेवढीच एका माणसाची भर!