परतीचा करार

ऑगस्ट २०१९मध्ये पीटर हेस्लर हे अमेरिकन लेखक बायको आणि जुळ्या मुलींना घेऊन कोलोरॅडोहून चीनमधल्या चेंगडूला राहायला गेले. वय पन्नास. चीनवरच्या पुस्तकांनी नाव मिळवून दिलेलं, 'न्यूयॉर्कर'सारख्या साप्ताहिकात हक्काची जागा. आणि चेंगडूत पत्करलेली नोकरी कसली, तर सिचुआन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी निबंध लिहायला शिकवण्याची. मुलंही बहुतेक इंजिनिअरिंगची. म्हणजे गठ्ठेच्या गठ्ठे घरी आणायचे आणि समासात शेरे मारत बसायचं. ज्यांनी मास्तरकी केली आहे त्यांना हे काम किती कंटाळवाणं असतं ते सांगायला नको. पण हेस्लर यांना तेच हवं होतं, कारण वीसहून अधिक वर्षांपूर्वी चीन त्यांना पहिल्यांदा कळला तो वर्गातूनच.

ती पहिली खेप १९९६ची. अमेरिकी सरकारच्या 'पीस कोअर' योजनेतून त्यांना फूलिंग या गावी शिकवायला पाठवलं गेलं. यांगत्से आणि वू या नद्यांच्या संगमावर डोंगरउतारावर चढत गेलेलं हे गाव. रेल्वे नव्हती, रस्ते वाईट. चोंगचिंगहून बोटीने जायचं. हेस्लर आणि त्यांचा एक सहकारी असे दोघेच परदेशी. गेल्या पन्नास वर्षांत तिथे राहायला आलेले ते पहिले अमेरिकन, त्यामुळे नुसते बाजारात गेले तरी भोवती गर्दी जमे. मानधन महिन्याला सुमारे १२० डॉलर.

पीस कोअर आपल्याकडेही होती. १९६१ ते १९७६ या काळात तिचे स्वयंसेवक भारतात काम करत होते. चीनमध्ये मात्र ती फार उशिरा पोचली आणि तीही अडखळत. पहिली तुकडी १९८९मध्ये जायची होती. त्याच वर्षी तिआनमेन चौकात रणगाडे आले आणि बेत बारगळला. अखेर १९९३मध्ये मुहूर्त लागला. माओच्या काळात पीस कोअरला साम्राज्यवादाचं हत्यार म्हणून इतकं झोडपलं होतं की ते नाव वापरणं दोन्ही बाजूंना अवघड झालं, म्हणून या मंडळींना 'अमेरिका-चीन मैत्री स्वयंसेवक' म्हणायचं ठरलं. शिक्षकाच्या खुर्चीखाली राजकारणाची जमीन होती, ती अशी पहिल्या दिवसापासून.

फूलिंगच्या अध्यापक महाविद्यालयातली मुलं जवळजवळ सगळी खेड्यातली, शेतकऱ्यांची. १९९६मध्ये चीनमधल्या दर बारा तरुणांपैकी जेमतेम एकाला उच्च शिक्षणाची कुठलीतरी जागा मिळत होती. त्यामुळे इथवर पोचलेला मुलगा म्हणजे अख्ख्या घराण्यातला पहिला. शिक्षण संपलं की सरकार नेमणूक देई, बहुतेकांना पुन्हा खेड्यातल्याच माध्यमिक शाळेत, इंग्रजी शिकवायला. वर्गात शेक्सपिअर, भिंतीवर पक्षाच्या घोषणा. फेब्रुवारी १९९७मध्ये चीनचे ज्येष्ठ नेते तंग श्याओफिंग वारले, जुलैत हाँगकाँग चीनकडे परतलं. दोन्ही घटना हेस्लर यांनी या मुलांच्या सोबतीने पाहिल्या. त्या दोन वर्षांवरचं 'रिव्हर टाऊन' हे पुस्तक २००१मध्ये आलं. पुढे २०१२मध्ये त्याचं चिनी भाषांतर निघालं, आणि परक्याने लिहिलेलं आपल्या गावाचं वर्णन चिनी वाचकांनी आवडीने वाचलं. या लेखकाला तिकडे 'ह वेई' या चिनी नावाने ओळखणारे वाचक पुष्कळ आहेत.

एवढं झाल्यावर माणूस परत का जातो? मला वाटतं, त्याचं उत्तर पत्रव्यवहारात आहे. फूलिंगच्या शंभरेक विद्यार्थ्यांशी हेस्लर यांनी संपर्क तुटू दिला नाही. ते त्यांना प्रश्नावल्या पाठवत: पगार किती, घर घेतलं का, गाडी आहे का, मूल किती, देवाधर्मावर विश्वास आहे का. उत्तरं येत गेली आणि त्यांतून एका पिढीचा ताळेबंद तयार झाला. ज्यांनी लहानपणी पोटभर जेवण पाहिलं नव्हतं ते चाळिशीत फ्लॅटचे मालक होते, गाड्या चालवत होते, आणि एकुलत्या एका मुलाच्या अभ्यासाने हैराण होते. इतकी मजल एका आयुष्यात मारणारी माणसं इतिहासात फार नाहीत. मग त्यांच्या मुलांची पिढी कशी आहे? हे पत्रातून कळणार नव्हतं. त्यासाठी पुन्हा वर्गावर उभं राहायला हवं होतं.

नोकरी मिळणं मात्र सोपं गेलं नाही. १९९६मध्ये हेस्लर हा कोणालाच माहीत नसलेला एक तरुण होता. आता तो चीनवर लिहिणारा प्रसिद्ध लेखक होता, आणि असा माणूस वर्गात घेणं म्हणजे कुलगुरूंनी डोकेदुखी विकत घेणं. अखेर सिचुआन विद्यापीठ आणि अमेरिकेतलं पिट्सबर्ग विद्यापीठ यांनी मिळून चालवलेल्या संस्थेने त्यांना घेतलं. चेंगडूला अमेरिकन मास्तर नवे नव्हते. १९१०मध्ये अमेरिकी, कॅनडियन आणि ब्रिटिश मिशनऱ्यांनी तिथे वेस्ट चायना युनियन युनिव्हर्सिटी काढली होती. तिचं वैद्यकीय महाविद्यालय आज सिचुआन विद्यापीठाचाच भाग आहे. कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर ते मिशनरी प्राध्यापक गेले, इमारती राहिल्या.

नव्या वर्गात काय दिसलं? शहरी, मध्यमवर्गीय घरांतली, जवळजवळ सगळी एकुलती एक मुलं. फूलिंगच्या विद्यार्थ्यांपेक्षा उंच, धट्टीकट्टी, इंग्रजीत सफाईदार. उच्च शिक्षणात जाणाऱ्यांचं प्रमाण एव्हाना ५१.६ टक्क्यांवर पोचलं होतं. फूलिंगचं महाविद्यालय विद्यापीठ होऊन नव्या परिसरात गेलं होतं. यांगत्सेवरच्या तीन घळींच्या ('थ्री गॉर्जेस') धरणाचं पाणी २०१०मध्ये १७५ मीटरपर्यंत चढल्यावर जुन्या गावाचा खालचा भाग पाण्याखाली गेला होता. नदीतल्या ज्या खडकावर थांग घराण्याच्या काळापासून पाण्याची पातळी कोरून ठेवत, तो पांढऱ्या क्रौंचाचा खडक आता पाण्याखालच्या संग्रहालयात काचेतून पाहायचा. आणि चोंगचिंगहून फूलिंगला रेल्वेने तासाभरात पोचता येत होतं.

बदललं नव्हतं ते पक्षाचं राज्य. उलट ते जास्त कडक झालं होतं. हेस्लर यांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच: समाज इतका बदलतो आणि सत्ता तिळभर हलत नाही, हे कसं? शिक्षणाने माणूस मोकळा होतो, पैसा आला की लोकशाही मागोमाग येते, असा अमेरिकेत एका पिढीचा ठाम समज होता. चेंगडूच्या वर्गात तो टिकत नव्हता. तिथली मुलं व्यवस्थेबद्दल भाबडी नव्हती. सरकारने बंद केलेल्या वेबसाइटी कशा पाहायच्या हे त्यांना माहीत होतं, वर्गात ऑर्वेलही वाचला जात होता, लेखनासाठी विषय शोधायला ती शहराच्या कानाकोपऱ्यात जात. पण हे सगळं बदलून टाकावं, असं त्यांच्यातल्या फार थोड्यांना वाटे. स्पर्धा एवढी तीव्र होती की बंडाला सवड कुणाला? हा निष्कर्ष उदास आहे, पण मला तो पटतो. कोटा किंवा लातूरच्या क्लासांतली मुलं पाहिलेल्या मराठी वाचकालाही तो फारसा परका वाटू नये.

पहिल्याच सत्रात, २०१९च्या अखेरीला, ठिणगी पडली. सार्वभौमत्वाला आव्हान देणारं बोलणं कोणताही सुसंस्कृत देश खपवून घेणार नाही, अशा आशयाचं एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं. समासात हेस्लर यांनी नोंदवलं की अनेक लोकशाही देशांत लोक असं बोलतात आणि त्यांना कुणी धरत नाही. एरवी हा मास्तरचा नेहमीचा शेरा. पण 'वेइबो' या चिनी समाजमाध्यमावर कुणीतरी निनावी तक्रार टाकली की हा अमेरिकन वर्गात चीनविरोधी बोलतो. चीनमध्ये अशा तक्रारीवरून प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. या वेळी चौकशी झाली आणि प्रकरण निवलं. मात्र यातून एक गोष्ट लक्षात येते: फूलिंगच्या काळात परक्या मास्तरावर डोळा ठेवायला पक्षाची माणसं लागत, आता ते काम वर्गातला कुणीही, हातातल्या फोनवरून, करू शकत होता.

महिन्या-दीड महिन्यात वुहान बंद झालं. तारीख २३ जानेवारी २०२०. चेंगडूत हेस्लर कुटुंब आठवडेच्या आठवडे घरात अडकलं, तास ऑनलाइन सुरू झाले. पुष्कळ परदेशी निघून गेले, हे थांबले. थांबले म्हणून वाचले, असंच म्हणायला हवं, कारण २८ मार्चला चीनने परदेशी नागरिकांना दार बंद केलं. व्हिसा असो, वास्तव्याचा परवाना असो, भाड्याचं घर, मांजर, सामानसुमान तिकडे असो, आत येता येणार नव्हतं. चिनी नववर्षाच्या सुट्टीला चार दिवस घरी गेलेले कितीतरी शिक्षक अमेरिकेत तसेच अडकले आणि मध्यरात्री उठून चिनी वेळेप्रमाणे ऑनलाइन तास घेत राहिले.

पुढच्या वर्षांतली या शिक्षकांची परतीची वाट हा एक वेगळाच ग्रंथ होईल. आधी शाळेने प्रांताच्या परराष्ट्र कार्यालयाकडून निमंत्रणपत्र मिळवायचं, मग वकिलातीतून व्हिसा. विमानं मुळात मोजकी: प्रत्येक कंपनीला एका देशासाठी एकच मार्ग आणि आठवड्याला एकच फेरी. त्यातून विमानात ठरावीक संख्येपेक्षा जास्त बाधित निघाले की तो मार्गच काही काळ बंद, म्हणजे तिकीट हातात असून प्रवास नाही. नोव्हेंबर २०२०पासून उड्डाणाच्या आधी ४८ तासांत दोन चाचण्या, एक नाकातली आणि एक रक्ताची. अहवाल वकिलातीला पाठवला की फोनवर हिरवा कोड येणार, तो आला तरच विमानात पाऊल. उतरल्यावर पांढऱ्या पोशाखातली माणसं बसमध्ये बसवून हॉटेलात नेत. कोणतं हॉटेल, हे विचारायची सोय नाही. तिथे चौदा दिवस दार बंद. दिवसातून तीन वेळा दाराशी डबा, रोज ताप मोजणं. काही शहरांत त्यावर आणखी सात दिवस. हा विलगीकरणाचा नियम पूर्णपणे उठला ८ जानेवारी २०२३ला.

या बंद दाराबाहेर आपलीही मुलं होती. चीनमध्ये शिकणारे सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी, बहुतेक एमबीबीएसचे आणि त्यांत महाराष्ट्रातलेही, दोन वर्षांहून अधिक काळ घरी बसून शरीरशास्त्र स्क्रीनवर शिकले. त्यांना व्हिसा मिळू लागला तो ऑगस्ट २०२२मध्ये.

दारं एकट्या चीनने लावली नाहीत, हे मात्र स्पष्ट लिहायला हवं. जानेवारी २०२०मध्ये, साथीचा गाजावाजा होण्याआधीच, अमेरिकेने चीनमधली पीस कोअर बंद करत असल्याचं जाहीर केलं. फ्लोरिडाच्या सिनेटरांचा तसा आग्रह होता: प्रतिस्पर्ध्याला मदत कशाला? सत्तावीस वर्षांत गेलेले तेराशेहून अधिक स्वयंसेवक सिचुआन, चोंगचिंग, ग्वीचौ, गान्सू अशा आडवळणाच्या भागांत राहून आले होते. त्यांतले काही पुढे राजनैतिक सेवेत, काही पत्रकारितेत गेले. चीन आतून माहीत असलेली माणसं महिना काही डॉलरांत तयार करणारी दुसरी योजना अमेरिकेकडे नव्हती. तरी ती मोडली गेली. जुलैत ट्रम्प यांच्या आदेशाने चीन आणि हाँगकाँगसाठीची फुलब्राइट शिष्यवृत्तीही गेली. त्याच महिन्यात अमेरिकेने ह्यूस्टनची चिनी वकिलात बंद करायला लावली, आणि उत्तरादाखल चीनने चेंगडूची अमेरिकी वकिलात बंद करवली. १९८५पासूनचं ते कार्यालय २७ जुलैला रिकामं झालं. चेंगडूत राहणाऱ्या अमेरिकन मास्तराला आता जवळपास आपल्या देशाचा अधिकारीच उरला नाही.

हेस्लर शिकवत राहिले. मुली तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत, पन्नासहून जास्त मुलांच्या वर्गात, चिनी येत नसताना बसल्या आणि शिकल्या. दोन हजारांच्या शाळेत परदेशी दोघीच. हेस्लर वुहानलाही जाऊन आले आणि त्यावर लिहिलं. ते लेखन दोन्हीकडे टोचलं: चीनची आटोक्यात आलेली साथ त्यांनी जशी दिसली तशी मांडली म्हणून काही अमेरिकन टीकाकार चिडले, आणि परदेशी लेखक इतक्या मोकळेपणाने हिंडतो हे तिकडे खुपलं असणारच. २०२१च्या वसंतात विद्यापीठाने कराराचं नूतनीकरण केलं नाही. कारण नीटसं कुणीच दिलं नाही. त्यांना राहायचं होतं. जुलैत कुटुंब कोलोरॅडोला परतलं. या दोन वर्षांवरचं 'अदर रिव्हर्स' २०२४मध्ये प्रसिद्ध झालं.

हेस्लर परतले त्याच महिन्यात, जुलै २०२१मध्ये, चीनने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली. परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याचा धंदाही तिच्यात बुडाला, आणि हजारो अमेरिकन शिक्षकांची जोडकमाई गेली. चीनमध्ये शिकायला जाणाऱ्यांची आकडेवारीही पाहा. २०१८-१९मध्ये चीनमध्ये साडेअकरा हजारांवर अमेरिकन विद्यार्थी होते. २०२०-२१मध्ये उरले ३८२. नोव्हेंबर २०२३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चीनचे राष्ट्राध्यक्ष शी चिनफिंग यांनी पाच वर्षांत ५० हजार अमेरिकन तरुणांना बोलावण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात चीनसाठी अपोस्टिल करार लागू झाल्याने पदवी आणि पोलिसांचा दाखला वकिलातीतून साक्षांकित करण्याची कटकटही गेली. आता शिक्षकाला कागदपत्रं जमवायला पूर्वीच्या मानाने निम्माही त्रास नाही.

आता चीनला येणाऱ्या अमेरिकनांतला कुणी चार आठवड्यांच्या सहलीला येईल, कुणी महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेत दोन वर्षं काढेल. खेड्यातून आलेल्या मुलांच्या वर्गावर १२० डॉलरांत उभा राहणारा मास्तर पाठवण्याची सोय वॉशिंग्टनने पुन्हा केलेली नाही, आणि बीजिंगनेही ती मागितलेली नाही. फूलिंगचे ते विद्यार्थी आता पन्नाशीत आहेत, अनेक जण अजून इंग्रजीच शिकवतात, आणि त्यांची पत्रं कोलोरॅडोच्या पत्त्यावर जातात.