पार्व्होचा पत्ता : जागा क्रमांक ४२६

दवाखान्याच्या स्टीलच्या टेबलावर अडीच महिन्यांचं पिल्लू मान टाकून पडलेलं असतं. परवापर्यंत घरभर चपला पळवणारं, आज पाण्याकडेही बघत नाही. आधी उलट्या झाल्या, मग जुलाब, आणि आता जुलाबातून रक्त. डॉक्टर कापसाची काडी विष्ठेत फिरवतात, छोट्या बाटलीतल्या द्रावणात घोळवतात आणि त्यातले तीन-चार थेंब प्लॅस्टिकच्या पट्टीवर टाकतात. दहा मिनिटांत दोन रेघा उमटतात. पार्व्हो पॉझिटिव्ह.

करोनाकाळात आपल्या तोंडी डेल्टा, ओमायक्रॉन अशी नावं बसली. त्यामुळे पुढचा प्रश्न ओघानंच येतो, ‘डॉक्टर, यातला कुठला स्ट्रेन?’ पट्टीवरच्या त्या दोन रेघांना हे सांगता येत नाही. त्या फक्त विषाणूचं कवच ओळखतात. स्ट्रेन ओळखायचा तर त्या कवचावरच्या एका ठरावीक जागेपर्यंत जावं लागतं. ती जागा कोणती, हे समजायला आधी या विषाणूचं घराणं पाहू.

१९७८ साली जगभरातली कुत्री अचानक रक्ती जुलाबानं मरू लागली. काही महिन्यांत साथ खंडोखंडी पोचली. असा विषाणू कुत्र्यांत आधी कुणी पाहिला नव्हता. कुत्र्यांत एक पार्व्होविषाणू पूर्वीच सापडलेला होता, पण तो वेगळ्याच कुळातला, म्हणून या नवख्याला ‘पार्व्हो-२’ म्हणू लागले. पुढे शास्त्रज्ञांनी शीतपेट्यांत जपलेले कुत्र्यांच्या रक्ताचे जुने नमुने तपासले, तेव्हा १९७०च्या दशकाच्या मध्यातल्या युरोपीय नमुन्यांत त्याची प्रतिपिंडं मिळाली. म्हणजे गाजावाजा होण्याआधी तो काही वर्षं गुपचूप फिरत होता. साथ पाळीव कुत्र्यांपुरतीही राहिली नाही. अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावर १९८० साली ५० लांडगे होते, १९८२ साली १४ उरले. कुणीतरी बेटावर नेलेल्या कुत्र्यासोबत पार्व्हो तिथे पोचला, असं मानलं जातं.

हा आला कुठून? कॉर्नेल विद्यापीठातल्या कॉलिन पॅरिश यांच्यासारख्या संशोधकांनी त्याची जनुकं वाचली, तेव्हा तो मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया विषाणूचा सख्खा भाऊबंद निघाला. विषाणूचा कण जेमतेम २६ नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे अडतीस हजार कण ओळीनं बसतील. आत एकेरी धाग्याचा डीएनए, त्यावर सुमारे ५,२०० अक्षरं. बाहेरचं कवच प्रथिनाच्या ६० तुकड्यांचं, त्यातले बहुतेक व्हीपी-२ या प्रथिनाचे. हे प्रथिन म्हणजे ५८४ अमिनो आम्लांची माळ. तिच्यातले ९३ आणि ३२३ या जागांवरचे दोन मणी बदलले, आणि पेशीवरच्या ज्या ट्रान्सफेरिन ग्राहकाला धरून विषाणू आत शिरतो, त्याचं कुत्र्यातलं रूपही त्याला धरता येऊ लागलं. मांजराच्या घराची किल्ली थोडी घासली आणि ती कुत्र्याच्या कुलपालाही लागली.

एवढ्यावर तो थांबला नाही. डीएनएचे विषाणू सहसा सावकाश बदलतात. हा मात्र आरएनए विषाणूंच्या चालीनं बदलतो. १९७९-८०च्या सुमारास ‘२ए’ आला आणि दोन-तीन वर्षांत त्यानं मूळ पार्व्हो-२ला मैदानाबाहेर काढलं. मूळ प्रकार मांजरांना लागण करू शकत नव्हता, २एला ते पुन्हा जमू लागलं. १९८४च्या सुमारास ‘२बी’ सापडला आणि २००० साली इटलीत ‘२सी’. भारतात पार्व्होची नोंद १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झाली आणि आज आपल्याकडे तिन्ही उपप्रकार नोंदले गेले आहेत.

या तिघांना वेगळं करणारी जागा म्हणजे व्हीपी-२च्या माळेतला ४२६वा मणी. कवचाच्या पृष्ठभागावर लहान उंचवटे असतात, तिथे तो बसतो, आणि शरीराची प्रतिपिंडं नेमकी त्याच उंचवट्यांना येऊन चिकटतात. २एमध्ये तिथे अ‍ॅस्परजिन असतं, २बीमध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्ल, २सीमध्ये ग्लुटामिक आम्ल. डीएनएच्या लिपीत हा फरक तीन अक्षरांत मावतो : ए-ए-टी, जी-ए-टी, जी-ए-ए. पहिल्यापासून दुसऱ्याकडे जाताना एक अक्षर बदललं, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे जाताना आणखी एक.

ही तीन अक्षरं वाचायच्या रीती काळागणिक बदलल्या. सुरुवातीला विषाणू डुकराच्या तांबड्या रक्तपेशींत मिसळत. विषाणू असला की पेशी एकमेकींना चिकटून गोठल्यासारख्या दिसतात. त्यात एकेका उंचवट्याला ओळखणारी प्रतिपिंडं घातली की कुठलं प्रतिपिंड हे चिकटणं थांबवतं त्यावरून प्रकार ठरे. मग पीसीआर आलं. विष्ठेतल्या विषाणूचा ५८३ अक्षरांचा तुकडा वाढवायचा आणि त्यावर एमबीओ-टू हे कातरणारं विकर सोडायचं. हे विकर जी-ए-ए-जी-ए अशी ओळ दिसली की तिच्या पुढे कापतं, आणि ४२६व्या जागी ही ओळ फक्त २सीमध्ये असते. जेलवर एकच पट्टा राहिला तर २ए किंवा २बी. ५०० आणि ८३ अक्षरांचे दोन पट्टे दिसले तर २सी. आता मात्र सगळा तुकडाच अक्षर-अक्षर वाचून काढणं सोयीचं झालं आहे.

वाचून काढण्यात आणखी एक फायदा आहे. मूळ पार्व्हो-२ आता रस्त्यावर सापडत नाही, पण अनेक लशींच्या बाटल्यांत तो क्षीण करून ठेवलेला आहे. जिवंत लस दिल्यावर पिल्लू काही दिवस लशीचाच विषाणू विष्ठेतून टाकतं. अशा पिल्लाला दुसऱ्याच कारणानं जुलाब झाले तर पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकतं. मूळ प्रकारातही ४२६व्या जागी अ‍ॅस्परजिनच असतं, म्हणजे निव्वळ ती जागा पाहणाऱ्याला लशीचा विषाणू आणि २ए सारखेच दिसणार. खरं कळायला ८७, १०१, ३०० आणि ३०५ या जागाही तपासाव्या लागतात.

तेव्हा २ए, २बी, २सी ही नावं आडनावासारखी समजू नयेत. एका जागेवरचा बदल वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडू शकतो. गेल्या दशकात आशियात पसरलेला २सी इटलीत पहिल्यांदा सापडलेल्या २सीहून इतर अनेक जागांवर निराळा आहे, तरी नाव तेच. वंशावळ मांडायची तर सगळं पुस्तक वाचावं लागतं, एक शब्द पुरत नाही. प्रयोगशाळांनी हे वाचन चालू ठेवायला हवं, कारण उद्या एखादा बदल लशीला किंवा किटला चकवू लागला तर तो तिथेच आधी दिसेल.

आणि टेबलावरच्या त्या पिल्लाचं? त्याच्यासाठी स्ट्रेनच्या नावानं काही बदलत नाही. हे विषाणू आतड्याच्या आणि अस्थिमज्जेच्या झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारतात. पांढऱ्या पेशी कोसळतात आणि अंगातलं पाणी निघून जातं. उपाय तोच : सलाईन, उलट्या थांबवणारी औषधं, जंतुसंसर्ग आवरणारी प्रतिजैविकं आणि रात्रंदिवस निगराणी. अमेरिकेत २०२३ साली पार्व्होवरच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनला सशर्त परवाना मिळाला आहे, पण रोग टाळणं अजूनही सगळ्यांत स्वस्त.

आजच्या लशी तिन्ही उपप्रकारांपासून संरक्षण देतात. लस देऊनही पिल्लं दगावतात, तेव्हा खापर नव्या स्ट्रेनवर फोडलं जातं. बहुतेकदा कारण साधं असतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं लशीलाच निकामी करतात, आणि ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. एक डोस देऊन कार्ड कपाटात ठेवू नका. पार्व्होनं पिल्लू गेलेल्या घरात विषाणू महिनोन् महिने टिकतो आणि नुसत्या फिनेलला दाद देत नाही. फरशी आधी धुऊन मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पुसा. माणसाला हा विषाणू बाधत नाही, पण आपल्या चपलांना चिकटून तो घरात येतो. तेव्हा सोळा आठवड्यांचा डोस होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर हुंगू देऊ नका आणि बाहेरच्या चपला दाराबाहेरच काढा.